आलमारी करण्याआधी पसारा कुठे साचतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात पाच माणसं: नवरा-बायको, दुसरी आणि सातवीतली मुलं, सासूबाई. दर रविवारी तीन-चार तास घालवून घर आवरायचं आणि बुधवारपर्यंत सोफा, जेवणाचा टेबल, बेडरूममधली खुर्ची पुन्हा भरलेली. तर सुताराला सांगून भिंतभर आलमारी करून घ्यावी का, आणि घरच्यांना सवय कशी लावावी?

ताई, आलमारी आत्ता करू नका. तुमच्या प्रश्नातला कामाचा शब्द 'बुधवार' आहे. रविवारी सगळं आत जातं, म्हणजे जागा पुरेशी आहे. तीन दिवसांत तेच सामान बाहेर येऊन बाहेरच राहतं, म्हणजे तुमच्या घरात वस्तू काढणं जमतं, परत ठेवणं अवघड जातं. वस्तू हवी असते तेव्हा माणूस दार उघडतो, समोरचा डबा बाजूला सरकवतो, मागची पिशवी ओढतो, झाकण काढतो. काम झाल्यावर याच चार हालचाली उलट्या क्रमाने करायच्या असतात आणि तोवर गरज संपलेली असते. मग वस्तू हाताला येईल त्या सपाट जागेवर टेकते. नवऱ्याला किंवा मुलांना बोलून यात फार फरक पडत नाही, कारण थकलेल्या माणसाचा हात सोपी जागाच शोधतो. म्हणून सोपी जागा आणि योग्य जागा एकच करायची.

यासाठी मी एक माप वापरते. रोज लागणारी वस्तू एका हालचालीत परत गेली पाहिजे: अडकवली, टाकली किंवा उभी केली, बस्स. आठवड्याला लागणाऱ्या वस्तूला दोन-तीन हालचाली चालतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी स्टूल लागलं तरी हरकत नाही. बहुतेक घरांत हे उलटं असतं. पाहुण्यांचा डिनर सेट डोळ्यांसमोरच्या फळीवर, आणि रोजचा कुकर खालच्या कप्प्यात तीन कढयांच्या मागे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोकं पाडता येतील का, ते घरमालकाला आधी विचारा. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत यावर त्यांच्या कप्प्याची उंची ठरेल. भांडी घासायला आणि पोछा मारायला मावशी येत असतील, तर वस्तूंच्या जागा त्यांनाही न सांगता कळल्या पाहिजेत. नाहीतर तुम्ही लावलेलं रोज सकाळी बदलेल.

पहिल्या आठवड्यात काहीही आवरू नका. खरंच नका आवरू. रोज रात्री मोबाइलने घराचे पाच-सहा फोटो काढा आणि ढीग कुठे झाला, त्यात काय आहे, ते वहीत लिहा. सात दिवसांनी दिसेल की ढीग पाच-सहा ठिकाणीच होतात आणि त्यांत वस्तूही त्याच त्या असतात. सोफ्यावर हेल्मेट आणि दुपट्टा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि शाळेची सूचनापत्रं, खुर्चीवर कपडे. ढीग चुकीच्या जागी झालेला नसतो. त्या वस्तूचं घर तिथून फार लांब आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. शक्य असेल तिथे वस्तूची जागा ढिगापाशी आणा. ढीग हलवण्यापेक्षा ते सोपं आणि टिकणारं असतं.

सुरुवात दारापासून करा, कारण नागपुरात दाराशी सामान जास्त असतं. इथे जवळजवळ प्रत्येक माणूस दुचाकीवरून येतो आणि उन्हाळ्यात त्याच्या अंगावर हेल्मेट, स्कार्फ, हातमोजे, गॉगल, पाण्याची बाटली असते. हे सगळं दारातून आत आल्यावर पहिल्या चार-पाच पावलांत उतरवलं जातं. तिथे शू-रॅक सोडून काही नसेल तर सोफा भरणारच. तिथे एक लाकडी पट्टी लावून तिच्यावर खुंट्या मारा. मोठ्यांसाठी जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटर, दुसरीतल्या मुलासाठी 100 ते 110. हेल्मेटच्या खुंट्यांमध्ये 35 सेंटीमीटर अंतर हवं, नाहीतर दुसरं हेल्मेट बसत नाही आणि ते सोफ्यावर जातं. हेल्मेट बंद कप्प्यात ठेवू नका. आतला घाम वाळत नाही आणि दोन दिवसांत वास येतो. पट्टी भिंतीत ड्रिल करून, प्लग घालून स्क्रूने बसवा. चिकटपट्टीच्या खुंट्या डिस्टेंपरवर टिकत नाहीत. त्या चिकटतात भिंतीवरच्या रंगाला, आणि वजन आलं की रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात. भाड्याचं घर असेल तर त्याच खुंट्या टाइलवर किंवा लॅमिनेटच्या दारावर लावा, तिथे त्या धरतात. नाहीतर जड बुडाचा उभा स्टँड घ्या.

चपलांचा हिशोब सरळ आहे. दाराशी माणशी दोन जोड, म्हणजे पाच जणांचे दहा. लग्नकार्याच्या चपला आणि पावसाळी बूट आत. किल्ल्यांसाठी पट्टीच्या कडेला एक छोटी वाटी ठेवा, आणि ती खरोखर छोटी असू द्या. मोठी ठेवली तर त्यात औषधांच्या पट्ट्या, नाणी, पावत्या, सुटे स्क्रू जमतात आणि किल्ली खाली जाते.

बेडरूममधली खुर्ची प्रत्येक घरात असते. तिच्यावरचे कपडे मळलेले नसतात आणि धुतलेलेही नसतात, एकदा घालून झालेले असतात. धुतलेल्या कपड्यांसाठी आलमारी आहे, मळक्यांसाठी बादली आहे, या तिसऱ्या जातीला घरच नाही. माणशी दोन खुंट्या दाराच्या मागे किंवा आलमारीच्या बाजूला द्या, खुर्ची आपोआप रिकामी होते. दोनपेक्षा जास्त खुंट्या देऊ नका. तिसरा कपडा आला की पहिला धुवायला जायलाच हवा. मळक्या कपड्यांची टोपली बिनझाकणाची आणि कपडे जिथे उतरवले जातात तिथेच हवी, म्हणजे बाथरूमच्या दाराशी. झाकण असलं की कपडे झाकणावर पडतात.

वाळलेल्या कपड्यांचं तंत्र ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. मे महिन्यात बाल्कनीतले कपडे दोन तासांत कडकडीत होतात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लागतात आणि मग एकदम ढीग आत येतो. दोरीवरून काढतानाच माणसागणिक वेगळे काढा, एका हातावर एकाचेच. पलंगावर सगळे एकत्र टाकून मग निवडत बसण्यात अर्धा वेळ जातो. मोजे, बनियन, मुलांच्या चड्ड्या यांच्या घड्या घालू नका. उघड्या टोपलीत टाकल्या तरी चालतात, आणि दुसरीतलं पोर ते स्वतः करू शकतं.

स्वयंपाकघरावर जरा जास्त वेळ द्या, कारण तिथली एक चूक दिवसातून दहा वेळा महागात पडते. सामान जातीप्रमाणे लावू नका, कामाप्रमाणे लावा. चहाचं पातेलं भांड्यांमध्ये, साखर किराण्यात, गाळणी ड्रॉवरमध्ये आणि कप शोकेसमध्ये अशी मांडणी दिसायला नीट असते, पण चहा करायला चार दारं उघडावी लागतात. चहापत्ती, साखर, गाळणी, आल्याची किसणी, पातेलं आणि रोजचे सहा कप शेगडीपासून एका हाताच्या अंतरात ठेवा. पोळ्यांचंही तसंच: कणकेचा डबा, परात, पोळपाट-लाटणं, तवा, चिमटा एकत्र. डब्याच्या सामानाचा एक कप्पा मुलांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे रिकामे डबे आणि बाटल्या तीच परत ठेवतील.

गंज, म्हणजे पातेली, आणि कढया एकात एक बसतात, त्यांचा त्रास नसतो. पसारा करतात ती झाकणं. त्यांना भांड्यांवरून उतरवा आणि ताटांच्या जाळीत उभी लावा, ताटलीसारखी. प्लॅस्टिकचे डबे एकदा जमिनीवर मांडून जोड्या लावा. ज्याला झाकण नाही तो डबा आणि ज्याला डबा नाही ते झाकण, दोन्ही आजच बाहेर. 'सापडेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं झाकण सहसा सापडत नाही.

किराण्याचे डबे नव्याने घ्यायचे असतील तर चौकोनी घ्या. गोल डबा चौकोनी जागेतला साधारण पाचवा भाग रिकामा सोडतो, तो कोपऱ्यात वाया जातो. घरात गोल स्टीलचे असतील तर ते टाकून मात्र देऊ नका, त्यासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. नाव डब्याच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर फळीवर ठेवल्यावर दिसत नाही, शिवाय झाकणं अदलाबदल होतात आणि तिखटाच्या डब्यावर 'हळद' येते. खालच्या खोल ड्रॉवरमध्ये मात्र वरूनच बघायचं असतं, तिथे झाकणावर. डब्याची मापं अशी ठरवा की बाजारातलं पाकीट पूर्ण रिकामं होईल. किलोभर डाळ आणून पाऊण किलोच्या डब्यात भरली की उरलेल्या पाव किलोची पिशवी रबर लावून वर्षभर फळीवर राहते. अशा अर्धवट पिशव्यांनीच फळ्या भरतात.

वर्षाचं धान्य भरत असाल, क्विंटल-दोन क्विंटल गहू, तर कोठी स्वयंपाकघरात नको. तिला हवेशीर कोपरा द्या. खाली दहा सेंटीमीटर उंच पाट आणि भिंतीपासून वीतभर अंतर, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि पावसाळ्यात भिंतीची ओल चढत नाही. उन्हात वाळवलेला गहू गरम असताना कोठीत भरू नका. आतली गरम हवा थंड झाली की पत्र्याला पाणी सुटतं आणि तिथून बुरशी, किडे सुरू होतात. रात्रभर चादरीवर पसरून निवला की भरा, वर कडुलिंबाचा सुकलेला पाला टाका. स्वयंपाकघरात फक्त दळणाचा दहा किलोचा डबा. पापड, कुरड्या, सरगुंडे यांचे डबे हे वर्षाचं सामान आहे, ते वरच्या फळीवर जाऊ द्या. पंधरा दिवसांपुरते खाली काढा.

आता नागपूरच्या घराची सगळ्यात मोठी अडचण, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. इथलं घर वर्षातून तीनदा आपलं सामान बदलतं. मार्चअखेर कूलर निघतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की तो आवरायचा असतो. नोव्हेंबरात रजया, स्वेटर निघतात. मध्ये भाद्रपदात महालक्ष्म्यांचं सामान: मुखवटे, कोठ्या, साड्या, दागिने, पाट, समया, सजावटीच्या माळा. यातलं एकही बारा महिने लागत नाही, पण प्रत्येकाने वर्षभर आपली वेगळी जागा अडवून ठेवलेली असते.

रजया आणि कूलरचं सामान एकाच वेळी कधीच वापरात नसतं. म्हणून दोघांना मिळून सज्जावर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, एकच जागा द्या, दोन पाळ्यांत. मार्चमध्ये कूलरचा खोका उतरला की त्याच जागेवर उन्हं दाखवलेल्या रजया जातील. जूनअखेर कूलर आवरला की खोका रजयांशेजारी वर, आणि नोव्हेंबरात रजया उतरल्या की तिथे एकटा खोका. मधल्या चार महिन्यांत, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, दोन्ही वर असतील, तेव्हा जागेचं माप त्या काळाचं घ्या. रजया ठेवताना पूर्ण कोरड्या हव्यात. वर ठेवण्याआधी मार्चच्या उन्हात दोन दुपारी दोन्ही बाजूंनी तापू द्या, मग सावलीत निवू द्या आणि जुन्या सुती चादरीत बांधा. किंचित ओल असलेली रजई प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली, तर पावसाळ्याअखेर कुबट वास आणि काळे ठिपके मिळतात.

कूलर बंद करताना टाकीतलं पाणी काढा, दोन दिवस नुसता पंखा चालवून आतून वाळवा. गवताच्या जाळ्यांतलं जुनं गवत फेका. ते पुढच्या वर्षी वापरायचं म्हणून ठेवलं तर त्यात पाण्याचे क्षार आणि किडे राहतात. पंप कापडाने पुसून, पाइप, वायर आणि स्टँडचे नटबोल्ट एका पिशवीत घालून 'कूलर' असं लिहून खोक्यात टाका. मार्चमध्ये पंप एका खोलीत आणि नटबोल्ट दुसऱ्या खोलीत शोधण्यात जो रविवार जातो, तो असा वाचतो. आणखी एक काळजी घ्या. कूलरच्या थेट वाऱ्यात कागद, पुठ्ठ्याचे खोके, पुस्तकांची फळी ठेवू नका. सुटे कागद उडून घरभर होतात आणि दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो.

महालक्ष्म्यांचं सगळं सामान दोन खोक्यांत आणि एकाच ठिकाणी ठेवा, आत कोणत्या खोक्यात काय याची यादी झाकणाला आतून चिकटवा. समया माजघरात, माळा शोकेसखाली, मुखवटे देवघराच्या वर असं पसरलं की पाच ठिकाणची जागा जाते आणि दरवर्षी काहीतरी नव्याने विकत येतं.

एवढं झालं की जागा किती लागते ते कळतं, आणि मग टाकाटाकीला बसायचं. ती आधी केली तर भावनेच्या भरात चांगलं जातं किंवा नकोसं राहतं. एका बैठकीला 45 मिनिटं आणि एकच कप्पा. सगळं घर एका दिवसात उपसू नका. दुपारपर्यंत सगळ्या पलंगांवर सामान असतं, संध्याकाळी कंटाळून ते जसंच्या तसं आत ढकललं जातं. वस्तूंचे चार वाटे करा: ठेवायचं, द्यायचं, कबाडीला, दुरुस्तीला. दुरुस्तीच्या वाट्यावर आजपासून पंधरा दिवसांची तारीख टाका. त्या तारखेपर्यंत मिक्सर दुकानात गेला नाही तर तो कबाडीचा. जुने कपडे देऊन भांडं घेत असाल तर थांबा, एक गठ्ठा जातो आणि एक गंज घरात येतो. ओटीचे ब्लाउजपीस, आहेराची भांडी यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यांना एक खोका द्या. खोका भरला की पुढची ओटी भरताना त्यातलंच वापरायचं.

टाकाटाकीचा दिवस ठरवायचा तर आपल्याकडे मारबतीपेक्षा चांगला दिवस नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव 'घेऊन जा गे मारबत' म्हणत नकोसं बाहेर काढतं, आणि गणपती तीन दिवसांवर असतो. वर्षातून एकदा, त्या सुटीत, घरातलं प्रत्येक माणूस आपला एक कप्पा रिकामा करेल असं ठरवा. सासूबाईंचा कप्पा त्यांनीच करावा. त्यांना न विचारता त्यांचं जुनं लुगडं किंवा पितळी डबा हलवू नका. त्यांचं रोजचं सामान, औषधांसकट, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आलं म्हणजे झालं.

कागदांचं फार काही नाही. चार फाइली पुरतात: घर, पैसा, तब्येत, शाळा. नव्या कागदांसाठी एक ट्रे, खोली पाच सेंटीमीटर, जास्त नको. उथळ ट्रे पंधरा दिवसांत भरतो आणि बसायला लावतो, खोल खोका वर्षभर गिळत राहतो. लग्नपत्रिकेचा फोटो काढा, तारीख कॅलेंडरवर लिहा. खेळण्यांपैकी निम्मी वर ठेवा आणि महिन्याने अदलाबदल करा.

उघडी फळी की बंद कप्पा, हेही इथल्या धुळीवर ठरतं. एप्रिल-मेमध्ये वावटळी सुटल्या की सकाळी पुसलेलं दुपारी पुन्हा धुळीचं होतं. रोज हाताळलेल्या वस्तूवर धूळ बसायला वेळ मिळत नाही, ती उघड्यावर चालते. जी महिन्यातून एकदा लागते ती बंद दाराआड. शोभेच्या प्रत्येक वस्तूची किंमत म्हणजे आठवड्याचं एक पुसणं. जेवढ्या वस्तू पुसायला आवडतात तेवढ्याच बाहेर ठेवा.

हे सगळं लागल्यावर रोजचं आवरणं रात्री दहा मिनिटांवर येतं, आणि ते एकट्या तुमचं नाही. वीस लिटरची एक हलकी टोपली घ्या. जेवणानंतर एक मूल ती घेऊन हॉलमधून फिरेल, भलत्या जागी असलेलं सगळं त्यात टाकेल, आणि मग प्रत्येकजण आपलं उचलून नेईल. टोपली रात्रीच रिकामी व्हायला हवी. ती दोन दिवस भरलेली राहिली तर तिचाच नवा ढीग झाला असं समजा. आणि त्यात रोज तीच वस्तू सापडत असेल, समजा कात्री, तर कुणाला रागावू नका. कात्रीची जागा चुकली आहे, ती बदला किंवा दुसरी कात्री आणून ढिगापाशी अडकवा.

दोन महिने असं चालवून मग सुताराला बोलवा. तोवर तुम्हाला कळलेलं असेल की कमी काय पडतं. बहुतेक घरांत भिंतभर आलमारी लागत नाही, एक अरुंद कपाट आणि दोन खुंट्यांच्या पट्ट्या पुरतात. करायचीच ठरली तर मापं तुम्ही द्या. टांगायच्या कपड्यांच्या भागाला 55 ते 60 सेंटीमीटर खोली लागते. घडीच्या कपड्यांना 35 ते 40 पुरे, त्यापेक्षा खोल फळीवर मागे दुसरी रांग तयार होते आणि ती कधी दिसत नाही. दोन फळ्यांमध्ये 25 ते 30 सेंटीमीटर. जास्त उंची ठेवली की घड्यांचा मनोरा होतो आणि खालची साडी ओढताना कोसळतो. फळ्या वरखाली सरकवता येतील अशा खिट्ट्यांवर बसवायला सांगा, मुलं मोठी होतील तसे कप्पे बदलतील. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 शिक्क्याचा प्लाय मागा, तो पाण्याला टिकतो. बाहेरच्या भिंतीला लागून आलमारी असेल तर मागे दोन-तीन सेंटीमीटर हवा सोडा आणि आधी त्या भिंतीचा पावसाळा बघा. उधळीचा, म्हणजे वाळवीचा, इलाज आलमारी बसवण्याआधी करा. बसवल्यावर मागची भिंत हाताला येत नाही.

आणि प्रत्येक फळीचा पाचवा भाग मुद्दाम रिकामा ठेवा. ठासून भरलेल्या फळीवर वस्तू परत ठेवायला आधी दुसरी हलवावी लागते, आणि मग ती वस्तू पुन्हा खुर्चीवर जाते.